निळ्या दोऱ्याची पळी

उकळत्या रश्शातून पळी बाहेर काढली आणि तिच्या दांड्याला बांधलेला निळा दोरा माझ्या दृष्टीस पडला. भांड्याच्या कानाला दोरा होता तो लाल.

मी दोन्ही दोऱ्यांकडे आळीपाळीने पाहत उभा राहिलो. पळीच्या टोकावरून हिरवट पांढरा थेंब पुन्हा भांड्यात पडला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटे झाली होती, आणि चार वाजून सतरा मिनिटांनी या घरात शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, मेणबत्त्या लागावयाच्या होत्या.

"धर्मा," आतल्या खोलीतून हाक आली, "वास सुटला रे. नारळाचा रस घातलास वाटतं."

"घातला, काका."

"मग फुटू देऊ नको हां. हलवत राहा."

हलवत राहण्यासाठी त्या क्षणी माझ्या हातात ती एकच पळी होती. मी ती ओट्याच्या कडेला ठेवली, उजवीकडच्या खिळ्यावरून लाल दोऱ्याची पळी घेतली आणि रस्सा हलवू लागलो.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षे होऊन गेली. मी मूळचा माणगाव तालुक्यातला, शिक्षण आठवीपर्यंत, ते देखील अर्धवट. तेथल्या एका दवाखान्यात आजाऱ्यांची सेवा करण्याचे काम मी नऊ वर्षे केले आणि ते सोडून, बायको व मुलगी मागे ठेवून, इस्रायल देशाच्या दक्षिणेला वाळवंटाच्या काठावरील एका गावी हसकेल तळकर या वृद्ध गृहस्थांची शुश्रूषा करावयास गेलो. हसकेलकाका आमच्याच बाजूचे, धर्माने ज्यू. तळे गावी त्यांच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो घाणा बंद राही, म्हणून आमच्याकडचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मी जाण्याच्या पंचेचाळीस वर्षे आधी ते सहकुटुंब त्या देशात गेले, आणि तरीही त्यांची भाषा मात्र तळ्याच्या बाजारपेठेतच राहिली होती. त्यांना मराठी बोलणारा माणूस हवा होता, आणि तो मी.

घर चालवीत त्यांची कन्या दिनाताई. त्यांचे वय पन्नाशीच्या घरातले, बोलणे मोजके. पाच वर्षांच्या असताना त्या देश सोडून गेल्या, त्यामुळे त्यांचे मराठी स्वयंपाकघरापुरते होते, पण तेवढे स्वच्छ होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ओट्याजवळ उभे केले.

"हे बघ. लाल दोरा मांसाचं. निळा दोरा दुधाचं. दोन मोऱ्या, दोन घासण्या, दोन फडकी. लालला निळं लागायचं नाही, निळ्याला लाल लागायचं नाही. गार नाही, गरम तर मुळीच नाही. कळलं?"

"कळलं, ताई."

"सगळे असंच म्हणतात," त्या म्हणाल्या.

त्यांना देवनागरी लिहिता येत नव्हते. म्हणून काकांनी सांगितले आणि मी माझ्या अक्षरात बावीस नियम लिहून शीतकपाटाच्या दारावर चिकटवले. मांस खाल्ल्यावर सहा तास दूध नाही. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी शीतकपाटातला दिवा काढून ठेवावा, कारण दार उघडताच तो पेटतो. शौचालयातला कागद आधीच फाडून ठेवावा, कारण शनिवारी फाडणे चालत नाही. बाहेरचे अन्न उंबऱ्याच्या आत आणू नये. विजेच्या बटणाला, टेलिफोनला, विस्तवाला शनिवारी हात लावू नये. त्या बावीस कलमांत मी सव्वीस दिवस अशा रीतीने वावरलो, की पेला उचलण्यापूर्वी देखील माझी नजर आधी दोरा शोधीत असे. स्वप्नातही मी दोरेच पाहत असे. जेवणानंतर दूध घातलेला चहा पिण्याची माझी जन्माची सवय. ती सुटल्यामुळे रोज दुपारी माझे कपाळ दुखे, पण त्याविषयी मी कोणाजवळ अवाक्षर काढले नाही.

कारण माझ्याआधी तेथे एक बाई होती. ती आठ महिने टिकली आणि भांड्यांवरून गेली, एवढेच मला कळले होते. माझा परीक्षेचा महिना रविवारी पुरा होत होता. रविवारी मला तेथे नेमणाऱ्या संस्थेची बाई येणार, दिनाताईंना विचारणार, आणि त्या नाही म्हणाल्या तर मला तो देश सोडावा लागणार. ज्या घराच्या नावाने परवाना, ते घर सुटले की परवानाही सुटतो.

त्यातच काकांनी अन्न सोडले होते. आठ दिवस त्यांनी दोन-चार चमचे पेजेपलीकडे काही घेतले नव्हते. डॉक्टर म्हणाले, असेच राहिले तर पुढच्या आठवड्यात रुग्णालयात नेऊन नळी घालावी लागेल. गुरुवारी सकाळी मी दुधात रवा शिजवून नेला तर त्यांनी तोंड फिरवले. मग दुपारी, आपणहून, छताकडे पाहत ते म्हणाले, "हिरव्या वाटणाची कोंबडी कर. नारळाच्या रसातली. दिनाची आई करायची तशी. ती खाईन."

त्यांनीच कृती सांगितली. शुक्रवारी मी नारळ फोडला, खवला, वाटून पिळून रस काढला. तो रस घातल्यावर उकळी येईपर्यंत हलवावे लागते, नाहीतर फुटतो, हे कोकणातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मी हलवीत होतो तोच काकांना ठसका लागला. लाल पळी खिळ्याला अडकवून मी धावलो, त्यांना उठवून बसवले, पाठ चोळली आणि परतलो तो रस्सा फेसाळून काठाला आलेला. डाव्या हाताशी जी पळी आली ती मी घातली. पुढचे वर सांगितलेच आहे.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी बाहेरचे दार वाजले. दिनाताई पाव व मेणबत्त्या घेऊन आल्या. मी निळी पळी फडक्याखाली सारली. ती मी सारली, हे येथे लिहिणे मला अवघड जात आहे, तथापि लिहिले पाहिजे.

दिनाताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. पिशव्या त्यांच्या हातातच होत्या.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"काय, ताई?"

"ही कोंबडी." त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, भांड्याजवळ आल्या आणि डोळे मिटून वाफ घेतली. "आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. मला करायला जमत नाही. माझा रस फुटतो."

"काकांनी सांगितली कृती."

"खाणार म्हणतात?"

"म्हणाले तसं."

डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने त्यांनी नाक पुसले. मग जाता जाता, पाठमोऱ्या, म्हणाल्या, "रविवारी ती संस्थेची बाई येईल ना, तिला मी सांगते. कागद पक्के कर म्हणून." आणि स्नानाला गेल्या.

सव्वीस दिवस ज्या वाक्यासाठी मी जीव मुठीत धरून वावरलो, ते वाक्य मला अशा वेळी मिळाले. मी ओट्याला धरून उभा राहिलो. फडक्याखालून निळ्या दोऱ्याचे टोक बाहेर आले होते. मी बोटाने ते आत ढकलले. पुन्हा पाहिले तर ते पुन्हा बाहेर आलेले.

मी काकांच्या खोलीत गेलो. ते उशीला टेकून बसले होते. सकाळीच त्यांनी माझ्याकडून दाढी करून घेतली होती, त्यामुळे चेहरा उजळ दिसत होता.

"काका, एक सांगायचंय."

"झाली का?"

"झाली. पण हलवताना माझ्या हातून निळी पळी लागली."

काकांनी माझ्याकडे पाहिले. मग खिडकीकडे पाहिले. उन्हाची तिरीप समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर चढली होती.

"मला ऐकायला कमी येतं, ठाऊक आहे ना तुला?"

"तुम्हाला चांगलं ऐकायला येतं, काका."

"शुक्रवारी दुपारी नाही येत."

"काका, मी काय करू?"

"मला काय विचारतोस? मी म्हातारा, भुकेला माणूस. तिला सांगितलंस तर ती भांडं उचलून जिन्यात ठेवील. आता नवं काही शिजणार नाही, दिवस बुडायला आला. मग मी काय खाऊ, कोरडा पाव?"

"आणि नाही सांगितलं तर?"

त्यांनी पांघरुणाची घडी उगाच सारखी केली. "तर खाईन," ते म्हणाले. "आणि छान झाली म्हणेन."

मी तेथून निघालो, पण मला बाहेर जाववेना. खोलीच्या दारातच माझे पाय थांबले.

माझी आई चातुर्मासात वांगे खात नसे. मी सोळा वर्षांचा असताना एकदा तिला ताप होता व स्वयंपाक मी केला. मजा म्हणून मी वांग्याचे काप जाड पीठ लावून तळले आणि कच्च्या केळ्याचे म्हणून तिला वाढले. तिने चार खाल्ले. छान झालेत हो, असे ती म्हणाली. तेव्हा मी हसत हसत तिला खरे ते सांगितले. मला वाटले, ती पाठीत धपाटा घालील. तिने काही केले नाही. ती उठली, मोरीवर जाऊन चूळ भरली आणि येऊन पडून राहिली. या विषयावर ती मला जन्मात एक शब्द बोलली नाही. त्यानंतर ती अकरा वर्षे जगली. त्या अकरा वर्षांत मी तिला पुष्कळदा वाढले, आणि प्रत्येक वेळी घास उचलताना तिचा हात एक क्षण ताटावर थांबत असे. ती ताटाकडे पाही, मग खाई. शेवटच्या आजारात मी तिला पेज भरवीत होतो, तेव्हादेखील ती चमच्याकडे पाहून एक क्षण थांबली होती.

दिनाताई न्हाऊन, पांढरा झगा घालून, ओले केस रुमालात बांधीत बाहेर आल्या. घड्याळात तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे झाली होती.

"अजून ते भांडं गरम पाटीवर ठेवलं नाहीस? आणि शीतकपाटातला दिवा?"

शब्बाथच्या दिवशी अन्न ऊन राहावे म्हणून तेथे विजेची एक सपाट पाटी आधीच तापवून ठेवीत. मी तिच्याकडे गेलो नाही. मी ओट्यावरचे फडके उचलले आणि पळी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

"ताई, ही या भांड्यात लागली. उकळत असताना. माझ्या हातून."

त्यांनी पळीकडे पाहिले, मग भांड्याकडे, मग माझ्याकडे. त्यांचे हात केसांतच राहिले.

"कधी?"

"तीन वीसला."

"मी आले तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"होय."

"आणि मी वास घेत होते तेव्हा?"

"होय, ताई."

त्यांचा चेहरा इतका स्थिर झाला, की मला वाटले आता माझी पेटी जिन्यात जाईल आणि तिच्या शेजारी ते भांडे. त्यांनी रुमालाची गाठ मारली, भिंतीवरचा टेलिफोन उचलला आणि आकडे फिरवले. पलीकडून तुटक, सारखा आवाज येत राहिला. त्यांनी ठेवला, पुन्हा फिरवले. पुन्हा तोच आवाज.

"कुणाला लावताय?" मी विचारले. मला वाटले संस्थेला.

"रब्बींना, आमच्या धर्मगुरूंना. शुक्रवारी या वेळेला सगळं गाव त्यांनाच फोन लावतं." तिसऱ्यांदाही लागला नाही. तीन चोपन्न झाले. "आधी तो दिवा काढ. उभा काय राहिलास?"

मी शीतकपाटातला दिवा काढला. तो माझ्या हातून निसटता निसटता राहिला. आतल्या खोलीत काका खाकरले. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर आता उन्हाची केवळ एक रेघ उरली होती.

पाचव्या वेळेस फोन लागला. दिनाताई हिब्रू भाषेत भराभर बोलू लागल्या. त्या भाषेतले माझे शब्द तेव्हा पाणी, औषध, दुखते का, एवढेच होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो आणि त्यावरून माझे भवितव्य वाचण्याचा प्रयत्न करू लागलो. परंतु तेथे काहीच लिहिलेले नव्हते.

त्यांनी फोन खांद्याशी दाबला. "विचारतायत, पळी धुतलेली होती?"

"होती. स्वच्छ."

त्या पलीकडे बोलल्या. पुन्हा माझ्याकडे वळल्या. "या पळीला गरम दूध शेवटचं कधी लागलं? नीट आठव. अंदाजाने सांगू नको."

"गुरुवारी सकाळी. काकांसाठी दुधात रवा केला होता."

"किती वाजता?"

"नऊ. काकांची गोळी नऊची असते, त्याच्या आधी."

"आणि नंतर? काल रात्री? आज सकाळी?"

"नाही, ताई. काकांनी तो रवा खाल्ला नाही, म्हणून मी पुन्हा केलाच नाही. ती पळी मी दुसऱ्या कशाला वापरत नाही."

"नक्की?"

"माझ्या मुलीची शपथ."

"शपथ नको घालू. नक्की का, तेवढं सांग."

"नक्की."

त्यांनी ते सांगितले. पलीकडून बराच वेळ बोलणे झाले. मध्येच दिनाताई बोटांवर काहीतरी मोजू लागल्या. मग त्यांनी दोनदा मान हलवली, एक छोटा शब्द उच्चारला आणि फोन ठेवला. चार वाजून सहा मिनिटे झाली होती.

"काय रे," आतून आवाज आला, "काय म्हणतो तो? जेवायचं की नळी लावायची, एकदाचं ठरवा."

"जेवायचं, बाबा," दिनाताई मोठ्याने म्हणाल्या. मग मला, हळू आवाजात, "पळीला दूध लागून चोवीस तास उलटून गेले होते. मग तिच्यातलं दूध धरत नाहीत, म्हणून अन्न चालतं. पळी बाजूला ठेव. आता ती लालही नाही, निळीही नाही. शनिवार संपला की उकळत्या पाण्यात बुडवायची, मग दोरा बांधायचा."

मी पळी बाजूला ठेवली. "त्यांनी कोणी केलं ते नाही विचारलं?"

"नाही. त्याचा त्यांना काय उपयोग?" त्या भांडे पाटीवर ठेवू लागल्या होत्या. मग तेथेच वाकलेल्या असताना म्हणाल्या, "आधीच्या बाईने असाच एक तवा वापरला होता. तिने तो धुऊन, पुसून जागेवर ठेवला. मला सहा महिन्यांनी कळलं. सहा महिने माझे वडील त्यातलं खात होते, आणि मी विचारायला सुद्धा गेले नाही, कारण विचारायचं आहे हेच मला ठाऊक नव्हतं." त्या सरळ उभ्या राहिल्या. "चूक झाली तर विचारायला माणूस असतो, धर्मा. पण ती कोणी सांगितली तर. तुझ्या त्या बावीस कलमांत हे राहिलं होतं. बाबांनी सांगितलं नाही वाटतं."

"मला ऐकू आलं हां," काका आतून म्हणाले.

गावात मेणबत्त्यांच्या वेळेचा भोंगा वाजला. त्यांनी दोन मेणबत्त्या लावल्या, हातांनी डोळे झाकले आणि पुटपुटल्या. त्या क्षणापासून घरातल्या कुठल्याच बटणाला कोणी हात लावणार नव्हते. मी भिंतीला टेकून उभा राहिलो तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला असल्याचे माझ्या ध्यानात आले.

पावणेसहाच्या सुमारास दिनाताईंचे यजमान प्रार्थनामंदिरातून आले. मी काकांना चाकाच्या खुर्चीत बसवून मेजाशी आणले. द्राक्षारसावर प्रार्थना झाली. यजमानांनी पाव मोडून, मिठात बुडवून एकेक तुकडा सर्वांना दिला, मलाही दिला. मग दिनाताईंनी झाकण काढले आणि लाल दोऱ्याच्या पळीने प्रथम काकांना वाढले.

काकांनी रश्शात पाव बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चघळू लागले. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले, आणि ताट पुन्हा पुढे केले.

दिनाताई हसल्या. त्यांनी काकांना वाढले, यजमानांना वाढले, मला वाढले आणि शेवटी स्वतःला घेतले. मी माझ्या ताटाला हात लावला नव्हता. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. त्यांनी पावाचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, उचलला. यजमानांशी त्या काहीतरी बोलत होत्या, आणि बोलता बोलताच त्यांनी तो घास तोंडात घातला. ताटापासून ओठांपर्यंत त्यांचा हात कुठेही थांबला नाही.

मग मी जेवलो.